तबकडी, सुई आणि श्रोता : घरगुती ध्वनियंत्राच्या निवडीचा इतिहास

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मराठीचा अध्यापक या नात्याने मी माळव्यातील मराठी वाङ्मयाविषयी काही लिहावे, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा असणार. त्यांची अनुमती घेऊन मी निराळा विषय निवडला आहे. त्याला कारण आपल्या संदर्भ विभागाच्या मागच्या भिंतीशी उभे असलेले कपाट. त्यात पुस्तके नाहीत, तबकड्या आहेत. इंदुरातील मराठी घरांतून, बहुधा घरातले वडीलधारे गेल्यानंतर, या ध्वनिमुद्रिका ग्रंथालयाकडे भेटीदाखल आल्या. काही लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. काही नंतरच्या लाँगप्ले. पुस्तकांप्रमाणेच त्यांचीही नोंद दाखल-नोंदवहीत झाली, क्रमांक पडले आणि कपाटाला कुलूप लागले.

शताब्दी वर्षाच्या निमित्ताने काही तरुण सभासदांनी या तबकड्या ऐकविण्याचे कार्यक्रम करावेत, अशी सूचना मांडली. सूचना सर्वांनाच आवडली. मग यंत्र कोणते घ्यावे, यावर चर्चा सुरू झाली. सुटकेशीच्या आकाराचा, आतच ध्वनिक्षेपक असलेला एखादा स्वस्त प्लेअर आणावा आणि उरलेल्या पैशांत पुस्तके घ्यावीत, असे एक मत पडले. पुस्तकांच्या बाजूने पडलेल्या मताला विरोध करणे माझ्यासारख्या माणसाला जड जाते. तरीही मी विरोध केला. त्या विरोधाची कारणे सभेत पाच मिनिटांत सांगता आली नाहीत. ती यंत्राच्या इतिहासात दडलेली आहेत आणि तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न करतो. मी विद्युत्शास्त्राचा पदवीधर नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तबकड्या ऐकणारा एक श्रोता, एवढाच माझा अधिकार.

ध्वनी पकडून ठेवण्याचे पहिले यंत्र एडिसनने १८७७ साली केले. त्यात ध्वनीच्या रेषा नळकांड्यावर उमटत. एमिल बर्लिनरने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली. नळकांड्याच्या प्रती काढणे कष्टाचे होते. तबकडी मात्र छापखान्यातील पानाप्रमाणे साच्यावरून हजारोंनी उठविता येई. मुद्रणकलेने पोथीचे पुस्तक केले, तसे बर्लिनरच्या या युक्तीने गाणे घरोघर नेले. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाला खरा प्रारंभ झाला तो १९०२च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानसारख्यांचे गाणे मुद्रित केले. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या काढण्याचा कारखाना निघाला.

या तारखांना आपल्या दृष्टीने एक हळवा अर्थ आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले, गेसबर्ग येण्यापूर्वी. त्यांच्या आवाजाविषयी आपण केवळ वाचतो. अल्लादियाखाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते. पण त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. उलट अब्दुल करीमखाँसाहेब, रामकृष्णबुवा वझे, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांचे गाणे तबकडीने आपल्या स्वाधीन केले. जे आहे ते तेवढेच आहे आणि ते खाचांत आहे. म्हणून खाच आणि सुई यांचा संबंध नीट समजून घेणे हे रसिकाचेही काम ठरते.

चावीच्या ग्रामोफोनच्या काळी घरच्या माणसाला निवडीस वाव फारच थोडा होता. पेटी, चावीची कमान, कर्णा, अभ्रकाची चकती बसविलेला साऊंडबॉक्स, हे सारे एकत्रच येई. वीज नव्हती, ध्वनिवर्धक नव्हता. खाचेतून सुईला मिळालेल्या थरथरीवर चकती हाले आणि तिचाच आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडे. आवाज लहानमोठा करण्याचे बटण नसल्याने ते काम पिनेने करावयाचे. पोलादी पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या मिळत. जाड पिनेने आवाज मोठा, बारीक पिनेने मृदू. बांबूच्या आणि काट्याच्या सुयाही काही चोखंदळ लोक वापरीत. म्हणजे घरगुती ध्वनियंत्रातील पहिली निवड, आणि कित्येक वर्षे एकमेव निवड, सुईची होती.

त्या काळच्या तबकडीची घडणही समजून घेण्यासारखी आहे. ती लाखेची असे. पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे जी लाख करतात ती जगाला मुख्यत्वे हिंदुस्थान पुरवीत असे. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळीत. ही पूड खरखरीत असे, आणि ती तशी असावी हाच हेतू असे. साऊंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर. एवढ्या भाराखाली नवी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासली जाऊन खाचेच्या आकाराची होई आणि मग तबकडीला कमी इजा करी. पिनेने झिजावे आणि तबकडीने वाचावे, असा हा करार होता. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन लावावी असा दंडक असे. काटकसरीपोटी एकच पिन आठवडाभर चालविणाऱ्या घरांतल्या तबकड्या आज कपाटातून काढल्या की ओळखू येतात : खाचा करड्या पडलेल्या असतात आणि गायकाचा आवाज वाळूतून चालत आल्यासारखा येतो.

१९२५ साली ध्वनिमुद्रणात वीज आली. तोवर गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे आणि साधारण अडीचशे ते अडीच हजार कंपनांच्या पट्ट्यातील ध्वनीच तबकडीवर उतरे. मायक्रोफोन आल्यावर हा पट्टा खाली शंभराच्या आसपास आणि वर पाच हजारांपर्यंत विस्तारला. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या आणि १९३४ ते १९३६ या काळातील तबकड्या एकापुढे एक ऐकल्या म्हणजे हा फरक कोणाही श्रोत्याच्या ध्यानात यावा. पहिल्यांत गाण्याचा आराखडा आहे. दुसऱ्यांत तंबोऱ्याची जवारी आणि आवाजाचा श्वास आहे.

वाजविण्याच्या यंत्रातही यथाकाल वीज शिरली आणि तिने एक मोठा बदल घडविला. आता सुईला स्वतः आवाज निर्माण करण्याचे काम उरले नाही. तिने थरथर टिपायची, तिचे विजेच्या अतिसूक्ष्म लहरीत रूपांतर करायचे; मोठे करण्याचे काम ध्वनिवर्धकाचे आणि हवेत सोडण्याचे काम ध्वनिक्षेपकाचे. सुईमागे बसविलेल्या ज्या लहानशा डबीत हे रूपांतर होते तिला कार्ट्रिज म्हणतात. एका यंत्राचे असे चार भाग झाले आणि हे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून आणून जुळविता येतील, ही शक्यता निर्माण झाली. घरगुती ध्वनियंत्राच्या ‘निवडी’चा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

या शक्यतेला जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८च्या जूनमध्ये लाँगप्ले तबकडी बाजारात आणली. तिचे फेरे मिनिटाला ३३⅓, द्रव्य व्हिनाइल, खाचा पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटे मिळत. लाँगप्लेच्या बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आपल्या संगीताला याचा जो लाभ झाला तो सांगावयास नको. ज्या अमीरखाँसाहेबांचे बालपण आणि तालीम आपल्या इंदुरात झाली, त्यांचा अतिविलंबित झुमऱ्यातील मारवा सव्वातीन मिनिटांत कसा मावणार? त्यांच्या मारवा आणि दरबारीच्या लाँगप्लेने माळव्यातीलच काय, साऱ्या देशातील श्रोत्यांची ऐकण्याची चाल बदलली.

परंतु बारीक खाचेला बारीक सुई हवी. ७८च्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाचा सुमारे तीन सहस्रांश असते. लाँगप्लेसाठी एक सहस्रांश आणि स्टिरिओसाठी त्याहूनही कमी. जाड सुई लाँगप्लेच्या खाचेत बसत नाही, काठांवरून फाडत जाते. बारीक सुई ७८च्या खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा आणि झीज तेवढी वाचते. म्हणून त्या काळच्या अनेक प्लेअरमध्ये कार्ट्रिजला दोन तोंडे असत आणि एक लहानशी खुंटी फिरवून ‘७८’ किंवा ‘एलपी’ अशी सुई निवडता येई. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ती खुंटी आठवत असेल. तिचा अर्थ मुलांना समजावून सांगण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

त्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. १९८०च्या सुमारास, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता आणि काकांनी हप्त्याने घेतलेला विजेचा प्लेअर होता. काकांनी मोठ्या हौसेने अमीरखाँसाहेबांची लाँगप्ले आणली होती. एके दुपारी वीज गेली. काका कचेरीत होते. मला वाटले, विजेशिवाय चालणारे यंत्र घरात असताना थांबायचे कशाला? मी ती तबकडी आजोबांच्या ग्रामोफोनवर ठेवली, चावी दिली आणि पोलादी पिन टेकविली. कर्ण्यातून किरटा, धावरा आवाज आला. पाच-सात फेऱ्यांत पिनेच्या मागे राखेसारखी पूड दिसू लागली, तेव्हा घाबरून मी दांडा उचलला. काकांनी मला मारले नाही की ते रागावलेही नाहीत. ती तबकडी त्यांनी पुढे वीस वर्षे ऐकली. आरंभीचे ते फेरे येत, तिथे सुरांऐवजी फरफर ऐकू येई आणि ते मान थोडी खाली घालून ती जागा सरण्याची वाट पाहात. मी खोलीत असलो तर माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत. ती तबकडी आज आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

असो. इतिहासाकडे वळू. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने, म्हणजे आर.आय.ए.ए.ने, तबकडीवर ध्वनी कोरण्याचे एक प्रमाण ठरविले. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच फार रुंद होते; अतितीव्र ध्वनी तसेच कोरले तर ते तबकडीच्या खरखरीत बुडतात. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, तीव्र ध्वनी उचलायचे आणि वाजविताना नेमके उलट करून तोल परत आणायचा, अशी ही पद्धत. हे उलटे काम ध्वनिवर्धकातील ‘फोनो’ नावाचा विभाग करतो. पूर्वी प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे होते. ७८च्या तबकड्यांना आजचे प्रमाण जसेच्या तसे लागू पडत नाही ते यामुळे. १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकडी बाजारात आली. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची कल्पना मात्र ब्रिटनमधील ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ सालीच पेटंटात मांडली होती.

याच काळात विलायतेत आणि अमेरिकेत सुटे भाग जुळवून यंत्र उभे करणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच निर्माण झाला. युद्धात रेडिओचे काम शिकलेले अनेक जण त्यात होते. विल्यमसन याने १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात ध्वनिवर्धकाचा आराखडा छापला आणि तो जगभर लोकांनी घरी बांधला. गॅरार्ड कंपनीची ३०१ ही टर्नटेबल, एस.एम.ई.चा सुईचा दांडा, ऑर्टोफोन किंवा शूअर यांचे कार्ट्रिज, क्वाड किंवा लीक यांचा ध्वनिवर्धक, टॅनॉय किंवा व्हार्फडेल यांचा ध्वनिक्षेपक, अशी नावे पारखून घेतली जाऊ लागली. तबकडी फिरविण्याच्याही तीन रीती झाल्या. मोटारीचा वेग रबरी चाकाने तबकाला देणारी पहिली. पट्ट्याने देणारी दुसरी. आणि मोटारीच्या आसावरच तबक बसविणारी तिसरी, जी टेक्निक्सने १९७०मध्ये आणली. तिन्ही रीतींचा उद्देश एकच : वेग ढळू नये आणि मोटारीची घरघर सुईपर्यंत पोहोचू नये.

आपल्याकडे मात्र चित्र वेगळे होते. आयातीवरील निर्बंधांमुळे विलायती भाग सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेर होते. १९६०च्या दशकातही येथे ७८च्या तबकड्या निघत होत्या, कारण चावीचे ग्रामोफोन अजून असंख्य घरांत होते. ज्यांना परवडे ते रेडिओग्राम घेत. तो बैठकीच्या खोलीत एखाद्या लाकडी पेटाऱ्यासारखा मिरवे. मध्यमवर्गीयांच्या वाट्याला आला तो झाकणात किंवा पेटीतच ध्वनिक्षेपक असलेला प्लेअर. पुढे फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक अशा नावांची सुटी यंत्रे शहरांतील घरांत दिसू लागली. परंतु ती रुळतात न रुळतात तोच कॅसेट आली आणि १९९०च्या दशकात सीडीने उरलीसुरली जागा घेतली. यंत्रांच्या जुळणीचे जे शहाणपण विलायतेत दोन पिढ्यांत साचले, ते आपल्याकडे साचण्यापूर्वीच तबकडी माळ्यावर गेली.

आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरमधील कार्ट्रिजविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ते स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे असे. स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते, या गुणावर ते चाले. त्याची वीज पुष्कळ; त्यामुळे साधा, स्वस्त ध्वनिवर्धक पुरे. परंतु जुन्या कार्ट्रिजमधील रोशेल क्षाराचा स्फटिक उष्णतेने आणि दमट हवेने बिघडे. दोन पावसाळ्यांत आवाज मरगळल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. शिवाय त्याची सुई ताठ असल्याने तबकडीवर पाच-सहा ग्रॅम किंवा अधिक भार द्यावा लागे. चुंबकीय कार्ट्रिज सुमारे दोन ग्रॅमवर चालते. त्याची वीज मात्र अगदी क्षीण, व्होल्टाचे काही सहस्रांश. म्हणून त्याला फोनो विभाग असलेला ध्वनिवर्धक लागतो आणि खर्च वाढतो. दोन आणि सहा ग्रॅम यांत फरक तो काय, असे वाटेल. पण लाँगप्लेच्या एका बाजूची खाच सरळ केली तर सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. एवढे अंतर, केसाहून बारीक टोकावर, प्रत्येक ऐकण्यात.

यंत्राच्या चार भागांपैकी कोणत्या भागावर अधिक खर्च करावा, हा वादही या इतिहासाचा एक भाग आहे. आवाज प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकातून येतो, म्हणून पैसे तेथे घालावेत, असा सल्ला बरीच वर्षे प्रचलित होता. १९७३ साली ग्लासगो येथे स्थापन झालेल्या लिन कंपनीने नेमके उलट मत हिरिरीने मांडले : जे तबकडीवरून उचललेच गेले नाही ते पुढचा कोणताही भाग परत आणू शकत नाही, म्हणून पहिला मान टर्नटेबलला. हा वाद आजही संपलेला नाही आणि नवी, पुन्हा विकत मिळणारी तबकडी वाजविणाऱ्याने त्यात कोणतीही बाजू घ्यावी.

परंतु आपल्या कपाटातील तबकड्या पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. त्यांच्यासाठी मला या वादाचे उत्तर निराळ्या कारणाने स्पष्ट दिसते. ध्वनिक्षेपक सुमार घेतला तर आजचा कार्यक्रम सुमार होईल. पुढच्या वर्षी चांगला आणता येईल. ध्वनिवर्धक अशक्त निघाला तर बदलता येईल. सुई आणि तिचा भार यांत चूक झाली तर ती तबकडीवर कायमची कोरली जाते आणि पुढच्या वर्षीचे उत्तम यंत्र ती चूकच उत्तमपणे ऐकवील. म्हणून निवडीचा क्रम खाचेपासून सुरू व्हावा आणि खाचेपासून जितके दूर जावे तितकी तडजोड चालावी.

या क्रमाने पाहता टर्नटेबल अशी हवी की जिच्यावर ३३⅓, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग आहेत आणि वेग किंचित कमीजास्त करता येतो. ‘७८’ हा आकडा जुन्या तबकड्यांच्या बाबतीत नावापुरता आहे. आरंभीच्या कित्येक तबकड्या सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान निरनिराळ्या वेगांनी मुद्रित झाल्या. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की गाणे अर्ध्या स्वराने सरकते. काळी एकमध्ये गाणारा कलावंत पांढरी दोनमध्ये गातो आणि त्याच्या ताना आहेत त्याहून चपळ भासतात. यावरून एखाद्याच्या गायकीविषयी लिहिले जावे, हे धोक्याचे. सुईच्या दांड्याला मागे वजन असावे आणि ते फिरवून भार मोजून लावता यावा. कार्ट्रिज धरणारे पुढचे टोक काढता येणारे असले, तर लाँगप्ले आणि ७८ यांसाठी दोन स्वतंत्र कार्ट्रिज जुळवून ठेवता येतील.

कार्ट्रिज चुंबकीय आणि सुई बदलता येण्याजोगी असावी. सुई हिऱ्याची घ्यावी. ती साधारण ५०० ते १००० तास टिकते, कृत्रिम नीलमण्याची त्याच्या लहानशा अंशाने. सुईच्या वापराचे तास, पुस्तकाच्या देवघेवीप्रमाणे, वहीत मांडून ठेवावेत. फोनो विभागात दोन्ही बाजू एकत्र करणारे मोनोचे बटण असल्यास उत्तम. ७८च्या तबकडीत ध्वनी खाचेच्या आडव्या हालचालीत असतो आणि उभ्या हालचालीतली पुष्कळशी खरखर या बटणाने नाहीशी होते.

ध्वनिवर्धकाच्या वॅटच्या आकड्याने भुलून जाण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता तीन डेसिबेलने अधिक असली तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. आपल्या वाचन-दालनाएवढ्या जागेला आणि बंदिशी ऐकणाऱ्या मंडळींना बाजूला वीस-तीस वॅट पुरेसे आहेत. ध्वनिक्षेपक माणसाचा आवाज खरा ठेवणारे असावेत. लाखेच्या तबकडीत मुळात नसलेला धडधडाट पुरविणारे नकोत. शेवटची गोष्ट फुकटची आहे : टर्नटेबल आणि ध्वनिक्षेपक एकाच मेजावर ठेवू नयेत. ध्वनिक्षेपकाचा हादरा सुईपर्यंत पोहोचून पुन्हा त्यातूनच बाहेर पडतो आणि आवाज घुमू लागतो. सुटकेशीच्या प्लेअरमध्ये हे दोघे एकाच पेटीत कोंडलेले असतात, आणि पुष्कळदा सिरॅमिक कार्ट्रिजचा भार कमी करण्याची सोयही त्यात नसते. माझा विरोध का होता, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

तबकडीचा काळ गेला असे आपण समजून चाललो होतो. परंतु २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल तबकड्यांचा खप, १९८७नंतर प्रथमच, सीडीहून अधिक झाला. मुंबईत १९९०मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले. त्यामुळे सुया आणि कार्ट्रिजे आज पुन्हा मिळतात. शूअरसारख्या जुन्या नावाने २०१८ साली कार्ट्रिज करणे थांबविले, हेही लक्षात ठेवावे. आज मिळणारी वस्तू उद्या मिळेलच, असे नाही. ७८ची सुई घेताना एक जादा घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

या संदर्भात एक घटना मला फार बोलकी वाटते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने पाठविली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यात गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दोन्ही याने निघाली ती ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत. केसरबाई त्याच सप्टेंबरात निवर्तल्या. ही तबकडी ज्यांनी सिद्ध केली त्यांनी तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुईही पाठविली आणि आवरणावर ती कशी टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, याच्या आकृत्या कोरल्या. वेग मिनिटाला १६⅔ फेरे. २०१२ साली पहिले व्हॉयेजर ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. तेथे ती तबकडी कोणी उचलील की नाही, सांगता येत नाही; परंतु उचलली तर चुकीच्या सुईने वाजू नये, याची काळजी घेतली गेली. केसरबाईंची तबकडी ज्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे, त्याने निदान तेवढी काळजी घ्यावी.

सभासद बंधुभगिनींना दोन-तीन विनंत्या करून हा लेख पुरा करतो. आपल्या घरी लाखेच्या तबकड्या असतील तर त्या स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लाखेचे पॉलिश त्यातच तयार करतो. तबकड्या एकीवर एक रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. आणि माळ्यावरचा जुना प्लेअर सापडला की हौसेने लगेच त्यावर तबकडी लावू नका; आधी त्याची सुई बघा, ती कोणत्या तबकडीची आहे ते बघा. प्रत्येक दुर्मीळ तबकडी योग्य सुईने एकदा नीट वाजवून तिची संगणकीय प्रत करून घ्यावी आणि रोजच्या ऐकण्याला ती प्रत वापरावी, मूळ तबकडी विशेष प्रसंगी, असा नियम कार्यकारिणीने करावा, असेही सुचवितो.

आपल्या संस्थापकांनी पुस्तके जमविताना बांधणीचा, वाळवीचा, दमट भिंतीचा विचार केला म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे ग्रंथ आज आपण हाती घेतो. तबकड्यांच्या बाबतीत ते काम आपल्या पिढीकडे आले आहे. यंत्र येईल तेव्हा पहिली तबकडी कोणती लावायची, असे मला कोणी विचारले तर मी काकांची लाँगप्ले लावण्याचा आग्रह धरीन. आरंभी काही फेरे फरफर होईल. ती श्रोत्यांनी ऐकावी. त्यानंतर मारवा सुरू होतो.